खाडाखोड बघणारं कुणीतरी हवं : संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,
पूर्व भाग, सोलापूर.

विषय : संध्याकाळचा शंका तास बंद करण्याच्या निर्णयाबाबत.

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी या पत्रात कुठंही घेतलेलं नाही. ज्यांना ते कळायचं त्यांना लगेच कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांच्या गल्लीतल्या शाळेतही थोड्याफार फरकानं हेच चाललं असेल. पत्र उघड लिहितेय, कारण कार्यालयात दोनदा अर्ज देऊन झाला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

गेल्या महिन्यात एका सोमवारी रात्री नऊ वाजून गेल्यावर अकरावी-बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली. "संध्याकाळचा शंका तास येत्या सोमवारपासून बंद करण्यात येत आहे. सर्व विषयांचे रेकॉर्डेड व्हिडिओ ॲपवर उपलब्ध आहेत. वाचनकक्षाचे रूपांतर स्टुडिओत करण्यात येईल. सर्वांनी नोंद घ्यावी." या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. मुलांना, पालकांना काही म्हणायचं असेल तर सूचनेखाली एखादं चिन्ह टाकायचं, एवढीच सोय. एका मुलीनं तिच्या भावाच्या फोनवर मला ते दाखवलं. अंगठ्यांची रांग, दोन-तीन जोडलेले हात, आणि शेवटी सात रडके चेहरे. ज्या तासात ही मुलं तोंड उघडून विचारायला शिकत होती, तो तास जाताना त्यांना एवढंच म्हणता आलं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी याच संस्थेची विद्यार्थिनी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, आणि वर्गात मराठी. नववीत भूमितीनं माझा जीव काढला होता. 'बिंदूतून रेषेवर लंब टाका' असं आलं की मी एक लांबलचक तिरकी रेघ ओढायची. ती चुकली की खोडायची, पुन्हा ओढायची, शेवटी शेजारणीच्या वहीतून उत्तर उतरवायची. एके दिवशी शंका तासाला गणिताचे सर माझ्यामागं येऊन उभे राहिले. उत्तर बरोबर होतं. त्यांनी उत्तराकडे पाहिलंच नाही. खोडून खोडून कागद जिथं पातळ झाला होता तिथं बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं काय झालं?"

मी बराच वेळ गप्प होते. मग सांगितलं की लंब म्हणजे लांब ना, सर? ते हसले नाहीत. दोरा आहे का, विचारलं. आमच्या दप्तरात विडीचा दोरा असायचाच. त्यांनी दोऱ्याला खडूचा तुकडा बांधला, बाकाच्या कडेवरून खाली सोडला. "गवंड्याचा ओळंबा बघितलायस? हा लंब. किती का आखूड असेना, सरळ उभा असला पाहिजे." पाच मिनिटांचं काम. पण ती खाडाखोड कुणी पाहिली नसती तर मी दहावीपर्यंत लांब रेघा ओढत राहिले असते, आणि माझी उत्तरं बरोबरच येत राहिली असती.

आज मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. गेली अकरा वर्षं कामावरून सुटले की साडेसहाला आपल्या वाचनकक्षात येते आणि आठपर्यंत मुलांजवळ बसते. पगार नाही, कधी मागितला नाही. मुलं मला अक्का म्हणतात. माझ्यासारखे आणखी चौघं माजी विद्यार्थी आठवड्यातून एक-दोनदा येत होते. एक डिप्लोमाचा मुलगा आहे, एक नर्सिंगची मुलगी. यातल्या एकालाही निर्णयाआधी विचारलं गेलं नाही.

माझी पहिली तक्रार हीच. तासाला किती मुलं येतात, कोण येतात, का येतात, हे बघायला जिना चढून कुणी वर आलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 साली ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद राहतील. ते गावानं एकत्र बसून ठरवलं, आणि नियम फक्त मुलांना नव्हता. बापाचा फोन आणि आजीची मालिकाही त्या दीड तासात बंद. आपण नेमकं उलट केलंत. गेल्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावरून आपण म्हणालात की मुलं मोबाइलमध्ये बुडाली आहेत, त्यांना बाहेर काढलं पाहिजे. मी टाळ्या वाजवल्या होत्या, मनापासून. आणि आता संध्याकाळचा जो एकच दीड तास ही मुलं फोन दप्तरात ठेवून बसायची, तोच काढून घेतलात आणि त्या वेळेला फोन हातात घ्या म्हणून सूचना पाठवलीत.

दुसरी तक्रार. प्रत्येक मुलाकडे फोन आहे असं आपण धरून चाललात. विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणारी एक मुलगी आहे. घरात स्मार्टफोन एक, तोही भावाचा. भाऊ पार्सल पोचवायचं काम करतो, रात्री साडेदहाला घरी येतो. त्याचं जेवण होईपर्यंत फोन चार्जिंगला. अकराला तो हिच्या हातात पडतो तेव्हा दिवसभराचा डेटा संपत आलेला असतो. भौतिकशास्त्राचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला गोल गोल फिरत थांबतो. बारा वाजले की नव्या दिवसाचा डेटा सुरू होतो, म्हणून ती बारापर्यंत जागी बसते. सकाळी सातच्या तासाला तिचे डोळे मिटतात आणि हजेरीपटाशेजारी शेरा पडतो, 'वर्गात लक्ष नसते'.

ही एकटी नाही. 'असर' या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या मुलामुलींपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन होता 36.2 टक्के मुलग्यांकडे आणि 26.9 टक्के मुलींकडे. पाहणी खेड्यांतली आहे, शहराची नाही. तरी आपल्या पूर्व भागातल्या मुली मी रोज बघते, आणि मला फारसा फरक दिसत नाही. फोन वापरता येणं आणि संध्याकाळी सात वाजता फोन हातात असणं, यात एका मुलीचं अख्खं वर्ष जातं.

तिसऱ्या तक्रारीवर मला जास्त बोलायचंय, कारण इथं मुलांचं खरं नुकसान होतंय आणि ते कुणाला दिसत नाही.

ॲपवर प्रत्येक मुलाच्या नावापुढं एक हिरवी पट्टी असते. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की पट्टी भरते, '100 टक्के पूर्ण' असं येतं. आता म्हणे या पट्ट्यांवरून अंतर्गत गुणही दिले जाणार आहेत. तास बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात अकरावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. हुशार आहे, चटपटीत आहे. गतीच्या समीकरणांचा बावीस मिनिटांचा पाठ त्यानं दुप्पट वेगानं अकरा मिनिटांत संपवला होता. पट्टी हिरवी.

"बघितलंस?"

"बघितलंय की अक्का, पूर्ण."

मी त्याला त्याच पाठातलं पहिलं उदाहरण दिलं, फक्त आकडे बदलून. मोटारसायकलच्या जागी एसटी घातली. त्यानं वर 'दिलेले' असं लिहिलं, खाली रेघ मारली, वेग लिहिला, काळ लिहिला, आणि थांबला. पेन कागदावर टेकलेलं, हलेना. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हिडिओत लई सोपं वाटालतं."

त्याच्या चेहऱ्यावरची ती घाबरलेली नवलाई मी अकरा वर्षांत शेकडो वेळा पाहिली आहे. आपल्याला येतं असं वाटत होतं आणि येत नाही, हे कळण्याचा क्षण. शिकणं तिथून सुरू होतं. तो क्षण यायला समोर कोरा कागद लागतो, आणि तो आल्यावर मुलानं वही मिटून पळून जाऊ नये म्हणून शेजारी माणूस लागतो. व्हिडिओत हा क्षण येतच नाही. समजावणारा इतका सफाईनं समजावतो की अडायला जागाच उरत नाही.

हे काही माझं एकटीचं निरीक्षण नव्हे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी वाचून झाल्यावर उतारा बाजूला ठेवून, आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढं गेले. आणि आपल्याला हे लक्षात राहील अशी खात्री मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती. आपली हिरवी पट्टी नेमकी तीच खात्री मुलांना रोज वाटून देतेय, आणि वर तिला गुणही देणार आहे.

मुलांच्या सवयी बदलल्यात हे मला मान्य आहे. ते मी आपल्यापेक्षा जवळून बघते. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी फोटो काढतात आणि तो पुन्हा उघडत नाहीत. शंका विचारताना प्रश्न सांगत नाहीत, स्क्रीनशॉट पुढं करतात. दोन मिनिटांच्या वर बोलणं लांबलं की हात खिशाकडे जातो. 'असर'च्या त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुलं 57 टक्के निघाली, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. ज्या पडद्यावर रील आहेत त्याच पडद्यावर आपण रसायनशास्त्र ठेवलंत, आणि सोळा वर्षांच्या पोरानं रात्री एकट्यानं त्यातून निवड करावी अशी अपेक्षा धरलीत. मोठ्या माणसांना ते जमत नाही. मला जमत नाही.

चौथी गोष्ट चॅटबॉटची. मराठीच्या विषयाला 'माझे शहर' हा निबंध होता. बारावीतल्या एका मुलानं तो मला वाचायला दिला. शुद्धलेखन निर्दोष, एकही खाडाखोड नाही. पहिलंच वाक्य, 'भीमा नदीच्या पावन तीरावर वसलेले सोलापूर'. मी विचारलं, आपल्या गावात भीमा कुठं आहे रे? तो गोंधळला. लहानपणापासून सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं जाणारा मुलगा. भीमेच्या काठी पंढरपूर आहे. आपल्याकडे उजनीचं पाणी नळानं येतं, तेही चार-पाच दिवसांआड, आणि ते कधी सुटणार हे त्याची आई वेळेसकट सांगेल.

पुढचा परिच्छेद मार्शल लॉचा होता. 1930 चा लष्करी कायदा, चार हुतात्मे, 12 जानेवारी 1931 ची फाशी, सगळं बरोबर लिहिलेलं. मी वही मिटली आणि चौघांची नावं विचारली. एकही आलं नाही. त्याच्या वहीत होती, त्याच्याकडे नव्हती.

मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी तास लवकर आवरून आम्ही सात जण चालत चार पुतळ्यापाशी, या चौघांचे पुतळे आहेत त्या चौकात, गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्यानं नावं मोठ्यानं घेतली. गाड्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून परत घेतली. मग थोडं थांबून म्हणाला, "अक्का, चौघं चार समाजाचे की." हे त्याच्या निबंधात कुठंच नव्हतं. परत आल्यावर त्यानं निबंध नव्यानं लिहिला. दीडच पान झालं. त्यात आईच्या सुपातल्या तंबाखूचा वास होता, पहाटे सुरू होणारा मागांचा खटखटाट होता, गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या धाकट्या भावाची गोष्ट होती. चार ठिकाणी खाडाखोड होती. त्या मुलाला लिहिता येत होतं. त्याच्याकडून कुणी ते मागितलंच नव्हतं.

हाच मुलगा रात्री एक वाजता चॅटबॉटला शंका विचारतो. का, म्हणून मी विचारलं. "तो ओरडत नाही," म्हणाला. "आणि कितीबी वेळा विचारलं तरी कोण हसत नाही." हे उत्तर मला लागलं, आणि आपल्यालाही लागावं असं वाटतं. ऐंशी मुलांच्या तुकडीत हात वर करणाऱ्यावर हसू होतं, सरांना पुढं जायची घाई असते, म्हणून मूल यंत्राकडे जातं. त्यात मुलाचा दोष मला दिसत नाही. पण यंत्र त्याला उत्तर देतं आणि तो कुठं अडला ते त्याला विचारत नाही. चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतं, आणि भीमा सोलापुरात आणून सोडतं. ज्या एका ठिकाणी मुलं न लाजता विचारत होती तिथंच आपण कुलूप घातलंत.

माझे वडील सांगायचे, माग बिघडायचा असला की आधी कानाला कळतं. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, अडखळायच्या आधी आवाज बदलतो. नवख्या पोराला ते ऐकू येत नाही. शेजारी उभा असलेला जॉबर, म्हणजे मागांवरचा जाणता कारागीर, एकदम हात वर करतो, माग थांबवतो, आणि पोराला विचारतो, काय ऐकलंस? वडील असेच शिकले. आज आमच्याच गल्लीतला एक मुलगा व्हिडिओ बघून विजेच्या मोटारीचं वायंडिंग भरायला शिकला आणि चांगली कमाई करतोय, मला त्याचं कौतुक आहे. पण तोही सांगतो की पहिल्या तीन मोटारी जळाल्या, आणि चौथीला एक म्हातारे मिस्त्री शेजारी बसले तेव्हा जमलं.

पाचवी तक्रार पालकांशी होणाऱ्या बोलण्याची, थोडक्यात सांगते. पूर्वी तिमाहीला पालकसभा व्हायची. आता पीडीएफ येते. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात असलेलं दोन पानी मराठी आमच्या भागातल्या किती आयांना वाचता येतं? कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. पीडीएफ मुलालाच उघडायला सांगतात, आणि मूल त्यातलं हवं तेवढंच वाचून दाखवतं. गैरहजेरीचं पत्र आलं होतं हे एका आईला माझ्याकडून कळलं, दोन महिन्यांनी.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की बाई फोनच्या विरोधात आहे. नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मीच मुलांचा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'साडेसहा'. तो आजही चालू आहे आणि त्यावर सगळ्यांना बोलता येतं. त्यात नियम एकच : वहीचा फोटो पाठवायचा तो खोडलेलं तसंच ठेवून. स्वच्छ करून पाठवलेलं गणित मी बघत नाही. सुरुवातीला मुली लाजायच्या. आता एकमेकींच्या खाडाखोडीवर बोट ठेवून, गोल करून सांगतात की तू इथं चिन्ह विसरलीस. वर्गात जिचा आवाज कधी ऐकला नाही अशी एक मुलगी रात्री व्हॉइस मेसेजवर सात-सात मिनिटं शंका विचारते. मी तिला सकाळी बसस्टॉपवरून उत्तर देते. माझ्या आईसारख्या बायकांना तेलुगूतून पाठवलेला मेसेज विड्या वळता वळता ऐकता येतो, हात थांबवावे लागत नाहीत. पाणी सुटायच्या दिवशी ज्या मुली घागरी भरायला घरी थांबतात त्यांना आपले रेकॉर्ड केलेले पाठ खरोखर उपयोगी आहेत. ते बंद करा असं मी म्हणत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण समोर आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, 2020 चे ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी सगळे त्यांना ओळखतात. पण आपल्या मुलांच्या घरची भाषा पुस्तकातल्या भाषेपेक्षा वेगळी आहे, कन्नड आहे, हे त्यांनी आधी वर्गात ओळखलं, आणि मग पुस्तक मुलांच्या भाषेत आणायच्या मागं लागले. आधी माणसानं मूल पाहिलं, तंत्र नंतर आलं. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालानंही तंत्रज्ञानाबद्दल हाच आग्रह धरला आहे की ते शिक्षकाच्या सोबतीला असावं, शिक्षकाच्या जागी नव्हे.

तर आता माझं मागणं.

शंका तास पूर्वीसारखा सुरू करा, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा ते आठ. शिक्षकांवर त्याचा भार नको असेल तर आम्ही पाच माजी विद्यार्थी आळीपाळीनं बसू, विनामोबदला, लेखी देतो. शिपाईमामांच्या जादा वेळेचे आणि दिव्याच्या बिलाचे पैसे हा प्रश्न असेल तर तोही आम्ही वर्गणी काढून सोडवू. वाचनकक्षच हवा असं नाही. स्टुडिओ करायचाच असेल तर खालची कोणतीही एक खोली द्या. बाकं आणि फळा असला की पुरे.

व्हिडिओच्या हिरव्या पट्टीवर गुण देऊ नका. हे मागणं मी सगळ्यात आग्रहानं करतेय. द्यायचेच असतील तर प्रत्येक पाठानंतर वहीत सोडवलेल्या एका उदाहरणाला द्या, आणि शिक्षकानं मुलाला त्यावर एक प्रश्न तोंडी विचारावा. निबंधाचंही तसंच करा. दोन मिनिटं बोललं की मुलानं स्वतः लिहिलंय की नाही ते कळतं, त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. चॅटबॉटवर बंदी घालून काही होणार नाही. त्याच्या उत्तरातली चूक शोधून आणा, असा गृहपाठ द्या. माझ्या मुलांनी हा खेळ फार आवडीनं खेळला.

संगणकखोलीतले संगणक दुपारी दोननंतर कुलपात असतात. ज्यांच्या घरी फोन नाही किंवा रात्री अकराला मिळतो, त्या मुलांसाठी ती खोली संध्याकाळी उघडी ठेवा.

सूचना फलकावर कागदावर लावा, आणि ग्रुपवर तेलुगू, कन्नड, उर्दूतून आवाजात पाठवा. रेकॉर्ड करून द्यायला आपल्याच शिक्षकांत आणि पालकांत माणसं आहेत. आठवड्यातून निदान एक दिवस ग्रुप सगळ्यांना लिहिण्यासाठी खुला ठेवा. पालकसभा पुन्हा सुरू करा. ती संध्याकाळी ठेवा, म्हणजे विड्यांचा माल देऊन आलेल्या बायकांनाही येता येईल.

आणि या सगळ्यावर बोलायला एक बैठक घ्या, ज्यात मुलंही असतील. सात रडके चेहरे टाकणारी ती सात मुलं कोण, हे मला माहीत आहे. त्यांना बोलायला सांगितलं तर ती नीट, मुद्देसूद बोलतील. त्यांना तसं बोलायला याच इमारतीत शिकवलंय.

उत्तरासाठी मी महिनाअखेरपर्यंत थांबते. तोवर रोज साडेसहाला आम्ही फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर बसतोय. पाऊस आला की समोरच्या चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली सरकतो. टपरीवाले भाऊ एक बाकडं रिकामं करून देतात. रस्त्यावरचा दिवा सातला लागतो, त्याआधी अक्षर नीट दिसत नाही. काल चौदा मुलं होती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
पूर्व भाग, सोलापूर